फक्त ऑक्युपन्सीच्या टक्क्यांवरून बुकिंग आणि पाहुणे किती हे काढता येतं का?

किल्लीवाली

नमस्कार मंडळी. ४८ खोल्यांचं एक हॉटेल चालवायला घेतेय. म्हणजे बोलणी शेवटाला आली आहेत, सही व्हायची आहे. आधीचे चालक गेल्या वर्षीच्या हंगामाचा एकच कागद देतात. त्यावर ऑक्युपन्सीच्या, म्हणजे उपलब्ध खोल्यांपैकी किती भरल्या त्याच्या, तीन ओळी आहेत: एप्रिल ५५ टक्के, मे ७५ टक्के, जून ६० टक्के. बास. पाहुण्यांचं रजिस्टर मागितलं तर म्हणाले, त्यात लोकांची नावं-पत्ते आहेत, करार झाल्याशिवाय दाखवणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, मीही दाखवलं नसतं.

पण मला टक्के काय करायचेत? रिसेप्शनवर किती माणसं लागतील ते चेक-इन किती होतात यावर ठरणार. चादरी, टॉवेल किती घ्यायचे तेही आत्ताच ठरवायचंय. म्हणून स्वतःच हिशेब मांडला.

तीन टक्क्यांची सरासरी ६३.३. खोल्या ४८, दिवस ९१, म्हणून भरलेल्या खोल्या २७६६. खोलीत दोघं धरून पाहुणे ५५३२. आता बुकिंग काढायला पाहुणे किती दिवस राहतात ते हवं. त्यासाठी दोन संध्याकाळी लॉबीत बसून ३१ खोल्यांतल्या लोकांना सरळ विचारलं, एकूण किती रात्री आहात? सरासरी ३.१ आली. २७६६ भागिले ३.१, म्हणजे ८९२ बुकिंग.

इथपर्यंत खूश होते. मग सहज ५५३२ ला ८९२ ने भागलं. एका बुकिंगमागे सहाच्या वर माणसं! एवढी माणसं तर आमच्या घरच्या लग्नालाही एका खोलीत कोंबली नव्हती. शिवाय रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो की मे महिन्यात दिवसाला पंधरा-वीस चेक-इन सहज होतात, आणि माझ्या हिशेबाने दहाही होत नाहीत. मुलगा फुगवून सांगतोय की माझं गणित गंडलंय?

रात्रपाळी

गणित गंडलंय. मुलाला काही बोलू नका.

मी एकोणीस वर्षं नाइट ऑडिट केलं. रात्री दोन वाजता अख्खं हॉटेल झोपलेलं असताना दिवस 'बंद' करायचा, विकलेल्या खोल्या मोजायच्या, आत किती माणसं आहेत ते मोजायचं, हेच काम. तुमची पहिली चूक मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी केली आहे, त्यामुळे हसत नाही. एक परिषद होती, ४० जण, पाच रात्री. महिन्याच्या अहवालात 'पाहुणे' या रकान्यात मी रोज रात्रीच्या माणसांची बेरीज लिहिली, म्हणजे त्या गटाचे २००. वरच्या साहेबांनी तो आकडा वाचून निरोपाच्या २०० भेटवस्तू मागवल्या. उरलेल्या १६० पुढची दोन वर्षं स्टोअरमध्ये माझ्याकडे बघत होत्या.

तुमचे ५५३२ म्हणजे पाहुणे नव्हेत, गेस्ट नाइट आहेत. तीन रात्री राहिलेला माणूस त्यात तीनदा आलाय. बुकिंगच्या आकड्यात मात्र तोच माणूस एकदाच. एकाला दुसऱ्याने भागल्यावर सहा येणारच. हॉटेलात चार वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि चारहींना लोक 'गिऱ्हाईक' म्हणतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो. एका खोलीची एक रात्र म्हणजे रूम नाइट. एका माणसाची एक रात्र म्हणजे गेस्ट नाइट. एका खोलीत किल्ली घेण्यापासून किल्ली परत करण्यापर्यंतचा काळ, त्याला मी 'मुक्काम' म्हणतो. आणि बुकिंग हे वेगळंच, एका बुकिंगमध्ये पाच खोल्या असू शकतात. ऑक्युपन्सी या चौघांतल्या फक्त पहिल्याबद्दल बोलते. बाकी तिघांबद्दल तिला काही ठाऊक नसतं.

आता पहिलाच आकडा. तीन महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. दर महिन्याच्या रूम नाइट वेगळ्या काढा, मग बेरीज करा. एप्रिलच्या १४४० पैकी ५५ टक्के म्हणजे ७९२. मेच्या १४८८ पैकी ७५ टक्के म्हणजे १११६. जूनला थांबा आणि चालकांना एक प्रश्न विचारा: जूनचे ६० टक्के हे कितीपैकी? सगळ्या ४८ खोल्या चालू होत्या का?

हे विचारायचं कारण असं. टक्का चांगला दिसावा म्हणून छेद लहान करायची युक्ती फार जुनी आहे. पाच-सहा खोल्या दुरुस्तीला काढल्या की त्या मोजायच्याच नाहीत. हॉटेलांच्या हिशेबाची जी एकसारखी पद्धत न्यूयॉर्कच्या हॉटेल संघटनेने १९२६ साली पहिल्यांदा छापली आणि जी सुधारत सुधारत आजही वापरात आहे, तिच्यात थोड्या दिवसांपुरती नादुरुस्त खोली 'उपलब्ध'मध्येच धरतात. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बंद असेल तरच वगळतात. पण छोट्या हॉटेलात हे कोण बघतं? जो तो आपल्या सोयीचा छेद घेतो.

अंशातही गंमत असते. फुकट दिलेल्या खोल्या विकलेल्यांत धरत नाहीत, पण त्या खोलीत माणूस झोपतोच आणि चादर मळतेच. दिवसभरापुरती दिलेली खोली संध्याकाळी पुन्हा विकली तर एकाच दिवशी ती दोनदा विकली जाते. मी स्वतः १०४ टक्क्यांची रात्र बंद केली आहे. नव्या मॅनेजरला वाटलं, मी झोपेत आहे.

आता पाहुणे. 'खोलीत दोघं' कशावरून धरलंत? कामानिमित्त येणारा एकटा असतो. सुट्टीत कुटुंब येतं, दोन मोठे आणि एक-दोन पोरं. आमच्याकडे मंगळवारी खोलीमागे सव्वा माणूस आणि शनिवारी सव्वादोन, असा फरक दर आठवड्याला दिसायचा. एकच गुणक घेऊन सगळ्या महिन्यांना लावलात तर एप्रिलला माणसं जास्त आणि मेला कमी पडतील. तुम्ही चादरी घेणार मेच्या हिशेबाने, म्हणजे चूक नेमकी नको तिथे.

बुकिंगचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तुम्हाला नक्की काय हवंय? फोनवर, वेबसाइटवर 'केलेली' बुकिंग, की माणूस दारात 'आलेली' बुकिंग? मधे रद्द झालेली असतात, नो-शो म्हणजे बुकिंग करून न आलेले असतात. उलट बाजूने बुकिंगच न करता थेट दारात येणारे वॉक-इन असतात. तुम्ही रिसेप्शनची माणसं ठरवताय, तर आलेले मुक्काम मोजा. रद्द झालेल्यांसाठी कुणी किल्ली देत नाही. फोन घ्यायला वेगळा माणूस ठेवणार असाल तेव्हा केलेल्या बुकिंगचा विचार करा.

तुमची ३.१ रात्रींची सरासरी मला जास्त वाटते, पण का ते नीट सांगता येत नाही. आमच्याकडे अशा हॉटेलात दोनच्या आसपास असायची. इथे कुणी आकडेवाले असतील तर बोला.

दोन_ओळी

एवढं कशाला? वर्षाचा नफा विचारा आणि सही करा.
माणसं मोजून कुणी श्रीमंत झालेलं ऐकलं नाही.

किल्लीवाली

दोन_ओळी, नफाही तेच सांगणार ना, त्याच कागदावर.

रात्रपाळी, तुमचे मनापासून आभार. आणि तुमच्यापुढे हात जोडले, कारण जूनचं विचारलं आणि चालक दोन सेकंद गप्प झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या सहा खोल्या जूनभर बाथरूमच्या कामासाठी बंद होत्या. ६० टक्के हे ४२ खोल्यांचे आहेत! म्हणजे १२६० पैकी ७५६ रूम नाइट. मी ४८ धरून ८६४ समजत होते. तिन्ही महिने मिळून २६६४ होतात.

आणखी एक हाती लागलं. रात्रीच्या माणसाची एक वही आहे, त्यात रोज फक्त किती खोल्या भरल्या तो आकडा. नावं नाहीत म्हणून ती बघू दिली. एक आठवडा इथे देते, सोमवार ते रविवार: २२, २४, २४, २९, ४१, ४४, ३०. यावरून रोज नवे किती आले ते निघेल का?

सरासरीचा_शत्रू

निघणार नाही, पण किती निघणार नाही हे बघण्यासारखं आहे.

मंगळवारी २२ च्या २४ झाल्या, म्हणजे निदान दोन खोल्यांत नवे लोक आले. बुधवारी २४ च्या २४ च. कदाचित कुणीच हललं नाही. कदाचित सकाळी सगळे २४ गेले आणि संध्याकाळी नवे २४ आले. वहीत दोन्ही सारखंच दिसतं. मंगळवार ते रविवार चढ मोजले तर २, ०, ५, १२, ३, ०, एकूण २२. हा कमीत कमी. प्रत्येक जण एकच रात्र राहिला असं धरलं तर त्याच सहा दिवसांत १९२. खरा आकडा २२ आणि १९२ यांच्या मधे कुठेतरी. ऑक्युपन्सीकडून एवढंच मिळतं. पुढे जायला दुसरा एखादा मोजलेला आकडा लागतोच, कितीही हुशार सूत्र लावा.

तो दुसरा आकडा म्हणजे मुक्कामाची सरासरी लांबी. ती असेल तर पुढचं सोपं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. दुकानातली रांग असो, दवाखान्यातल्या खाटा असोत, हॉटेलच्या खोल्या असोत, लोक कसे येतात याची काही अट नाही. मेमध्ये रोज सरासरी ३६ खोल्या भरलेल्या. मुक्काम सरासरी दोन रात्रींचा असेल तर रोज १८ चेक-इन. रिसेप्शनवरचा मुलगा पंधरा-वीस म्हणाला होता ना?

काळ जरा मोठा घ्या मात्र, महिना तरी. आठवड्याभराच्या हिशेबात आधीपासून आत असलेले आणि नंतरही राहणारे यांचा घोळ फार होतो.

आता ३.१ कुठून आले ते. रात्रपाळी यांना जे खटकलं त्याचं कारण आहे, आणि या धाग्यातली माझी सर्वात आवडती चूक हीच. समजा एका महिन्यात १०० मुक्काम झाले. ६० जण एक रात्र राहिले, २० जण दोन रात्री, २० जण पाच रात्री. रूम नाइट झाल्या ६० अधिक ४० अधिक १००, म्हणजे २००. सरासरी बरोबर दोन. आता तुम्ही एखाद्या संध्याकाळी लॉबीत बसा. पाच रात्रींचा माणूस तुम्हाला पाच संध्याकाळी भेटू शकतो, एका रात्रीचा फक्त एकाच. त्यामुळे लॉबीत दिसणाऱ्यांत निम्मे पाच रात्रींवाले असतात, २० टक्के दोन रात्रींवाले आणि ३० टक्केच एका रात्रीचे. त्यांची सरासरी काढा: ३.२. हॉटेल तेच, महिना तोच, कुणी खोटं बोललं नाही. फक्त तुम्ही आत असलेल्यांना विचारलंत. २०० ला ३.२ ने भागलं तर ६२ मुक्काम येतात, प्रत्यक्षात झालेत १००.

बसच्या स्टॉपवर उभं राहिलं की नेहमी जास्तच वाट बघावी लागते, त्यामागेही हेच आहे. लांब अंतरात सापडण्याची शक्यता जास्त.

उपाय सोपा. लॉबीत नको, दारात बसा. चेक-आउट करणाऱ्याला विचारा, किती रात्री राहिलात? जाणारा प्रत्येक मुक्काम एकदाच जातो, लांब असो की आखूड. ही सरासरी खरी. अर्थात तुम्ही आत्ता बसणार आणि हवेत गेल्या एप्रिल ते जूनचे आकडे, तेव्हा हंगाम जुळतो का तेही बघा.

माणसांचंही असंच. खोलीमागे किती माणसं हे रोज रात्री मोजलं तर वेगळं उत्तर आणि जाताना मोजलं तर वेगळं, कारण कुटुंबं बहुधा जास्त रात्री राहतात. पहिलं उत्तर गेस्ट नाइटसाठी वापरा, दुसरं पाहुण्यांच्या संख्येसाठी. युरोपात युरोस्टॅट ही संस्था पर्यटनाचे आकडे गोळा करते, तिच्याकडे 'आलेले' आणि 'घालवलेल्या रात्री' हे दोन वेगळे रकाने असतात, आणि मुक्कामाची सरासरी म्हणजे दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारा आकडा. खाटांची ऑक्युपन्सीही तिथे वेगळी मोजतात, त्यात डबल बेड म्हणजे दोन जागा, आणि मागाहून लावलेला एक्स्ट्रा बेड मोजत नाहीत. तुमच्या सगळ्या ४८ डबल खोल्यांत एकेकटी माणसं झोपली तर खोल्यांचे १०० टक्के, खाटांचे ५०. चालक तुम्हाला कुठला टक्का सांगतात तेही एकदा विचारून घ्या.

चादरबदल

हाउसकीपिंगची सुपरवायझर होते, आता बसून आहे गुडघ्यांमुळे. वरचं सगळं वाचलं. एक कळलं नाही, तुम्ही कुणी लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेल ठेवतात त्या खोलीत, का गेला नाहीत?

रोज सकाळी रिसेप्शनकडून आम्हाला शीट येते. खोलीचा नंबर आणि पुढे खूण. गेलेली खोली वेगळी, राहिलेली वेगळी, रिकामी वेगळी. गेलेल्या खोलीचं काम पूर्ण असतं, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं नवीन, खाट ओढून खालून झाडायचं. राहिलेल्या खोलीत पलंग नीट करायचा, टॉवेल खाली टाकलेले असतील तर बदलायचे. एकेका मुलीला किती खोल्या द्यायच्या ते यावरच ठरतं, त्यामुळे या खुणेत कुणी चूक करत नाही. केली तर मुलीच भांडायला येतात. म्हणजे तुमचे 'मुक्काम' रोज मोजून ठेवलेले आहेत, आम्ही त्यांना 'डिपार्चर' म्हणतो.

बऱ्याच ठिकाणी शीटवर माणसंही असतात. २, किंवा २+१, एक्स्ट्रा बेड असेल तर तो. त्याप्रमाणे टॉवेल ठेवायचे म्हणून. नावं मात्र कधीच नसतात, आम्हाला नाव घेऊन काय करायचंय, नंबर पुरतो. तेव्हा चालकांना दाखवायला हरकत नसावी.

दोन गोष्टी सांभाळा. पाहुण्याने खोली बदलली की जुनी खोली आमच्याकडे डिपार्चर म्हणून येते, कारण काम पूर्ण करावं लागतं. माणूस गेलेला नसतो. 'शिफ्ट' किंवा बाण काढलेला दिसला तर तो मोजू नका. तुमच्या जूनमध्ये तिसरा मजला बंद केला, त्या दिवशी असे बाण असणार. दुसरं म्हणजे ज्या खोलीबाहेर 'त्रास देऊ नका'ची पाटी दिवसभर लटकते, तिचं आम्ही काही करत नाही, पण ती भरलेली असते. ती वगळू नका.

चादरींचा हिशेब माणसांवर करू नका हो. डबल बेडची चादर एकाने वापरली काय नि दोघांनी, धुवायला एकच जाते. चादरी डिपार्चरवर आणि टॉवेल माणसांवर. लांब राहणाऱ्यांची चादर मधे कधी बदलायची याचा प्रत्येक हॉटेलचा नियम असतो, तो विचारा आणि तेवढी भर घाला. आणि एक संच खोलीत, एक धुवायला, एक कपाटात, एवढं तरी हवंच. मेमध्ये लॉन्ड्रीची गाडी एक दिवस चुकली की कळतं.

बुकिंग किती ते आमच्या शीटवर कळत नाही, दोन खोल्या एकाच घरातल्या आहेत की नाहीत ते आम्हाला पोरं या खोलीतून त्या खोलीत पळतात त्यावरून कळतं.

रात्रपाळी

चादरबदल, सलाम. एकोणीस वर्षं त्या शीट माझ्याच प्रिंटरवर निघत होत्या आणि मला सुचलं नाही.

बुकिंगसाठी एक वाट आहे. बिलांचे नंबर. ते ओळीने जातात. नाव, रक्कम काही नको, फक्त १ मेच्या पहिल्या बिलाचा नंबर आणि ३१ मेच्या शेवटच्या बिलाचा नंबर मागा. वजा करून एक मिळवा, तेवढी बिलं. पाच खोल्यांच्या कुटुंबाचं सहसा एकच बिल होतं. उलट कधी एकाच खोलीतले दोन मित्र दोन बिलं मागतात, त्यामुळे हे बुकिंगच्या जवळ जातं, तंतोतंत नव्हे. सभागृहाची किंवा रेस्टॉरंटची बिलं त्याच मालिकेत असतील तर मात्र ही युक्ती फसली.

किल्लीवाली

चार दिवस गायब होते कारण खरंच लिनन रूममध्ये बसले होते. शीट आहेत! मेच्या ३१ पैकी २६, जूनच्या सगळ्या ३०. एप्रिलची एकही नाही. माणसांचा रकानाही आहे, २+१ वगैरे.

मेच्या त्या २६ दिवसांत वहीप्रमाणे ९३१ रूम नाइट आणि शीटवर बाण सोडून ४७६ डिपार्चर. म्हणजे मुक्काम सरासरी १.९६ रात्रींचा. कुठे माझे ३.१! पूर्ण महिन्याच्या १११६ ला लावलं तर ५७१ मुक्काम, दिवसाला अठरा. रिसेप्शनवरच्या मुलाची मनातल्या मनात माफी मागितली. जूनमध्ये ७५६ रूम नाइटना ४३४ डिपार्चर, म्हणजे १.७४. तिथे बहुतेक कामानिमित्त येणारे असावेत, कारण माणसांच्या रकान्यात १ बरेच दिसतात.

सरासरीचा_शत्रू, तुमचं म्हणणं मुद्दाम तपासलं. मेमध्ये जाणाऱ्या खोल्यांमागे २.०८ माणसं येतात. त्याच २६ दिवसांत रोज आत असलेल्यांचं मोजलं तर २.२६. कागदावर वाचताना वाटलं होतं की एवढासा फरक कोण बघतं, पण मेच्या पाहुण्यांची संख्या ११८८ येते आणि त्याच महिन्याच्या गेस्ट नाइट २५२२. आधी मी या दोन्हींना 'पाहुणे' म्हणत होते.

जूनचे पाहुणे ६५१, हे मात्र थेट मोजलेले, अंदाज नाही.

बिलांचे नंबर चालकांनी लगेच दिले, नावं नाहीत म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटलं. रेस्टॉरंटची मालिका वेगळी आहे, तेही विचारून घेतलं. मेमध्ये ४६३ बिलं, जूनमध्ये ३९१. म्हणजे मेमध्ये एका बिलामागे १.२३ खोल्या, जूनमध्ये १.११.

एप्रिलचं अडलंय. मेची सरासरी लावली तर ४०५ मुक्काम, जूनची लावली तर ४५५. कुठली लावू?

सरासरीचा_शत्रू

दोन्ही लिहा. ४०५ ते ४५५. त्यामुळे तिन्ही महिन्यांचे मुक्काम १४१० ते १४६०. रिसेप्शनला दोन माणसं की तीन, हे एवढ्या फरकाने बदलत नाही. बदलत असेल तर मग खोलात जा.

एक मात्र करा, महिन्याची सरासरी घेऊन माणसं ठरवू नका. तुमच्या त्या आठवड्यात शुक्रवारी २९ च्या ४१ झाल्या, निदान १२ नवे. बुधवारी कदाचित आठ. चेक-इनची गर्दी दुपारी दोन तासांत होते, दिवसभर पसरत नाही. शीटवरून वारांप्रमाणे डिपार्चर वेगळे काढलेत तर सरासरीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

चादरबदल

एप्रिलच्या शीट गेल्या कुठे? फेकत नाही कुणी, तक्रार आली की आधीची शीट लागते. जुन्या शीट खोक्यात भरून वरच्या फळीवर टाकतात, आणि पुढे जास्तीची ब्लँकेटं रचतात. ब्लँकेटं काढून बघा. शिडी धरायला कुणाला तरी घ्या, एकट्या चढू नका.

किल्लीवाली

सापडल्या! ब्लँकेटांच्या मागेच. १ ते १८ एप्रिल आहेत, पुढच्यांवर पाणी पडून सगळी शाई एक झालीय. १८ दिवसांत ४६६ रूम नाइट, २६२ डिपार्चर, जाणारी माणसं ४१९. मुक्काम १.७८ रात्रींचा, खोलीमागे १.६ माणसं. एप्रिलचे मुक्काम ४४५, पाहुणे साधारण ७१२.

तिन्ही महिने मिळून मुक्काम १४५०, पाहुणे साधारण २५५०. आधी मी ५५३२ माणसांचे टॉवेल मागवायला निघाले होते.

उद्या वारांप्रमाणे वेगळं काढायला बसते. शिडी रिसेप्शनवरच्या मुलाने धरली होती.